फाइल सिस्टिममधला "लोकल" होल चार वर्षं तसाच आहे, रीबूट न करता चालेल का?

सर्व्हर_गळ्यात_पडला:

नमस्कार मंडळी. थोडं मोठं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

एक शेअर्ड लिनक्स सर्व्हर मागच्या महिन्यात माझ्याकडे आला. आधी जे बघायचे ते दुसरीकडे गेले, जाताना पासवर्डांचा एक कागद देऊन गेले, बस. मशीन दणकट आहे, १२८ जीबी रॅम, ६० च्या आसपास अकाउंट, लोक एसएसएचने येतात, आपापले प्रोग्रॅम कंपाइल करतात आणि दिवसेंदिवस चालणारे जॉब टाकून जातात. मी सहज म्हणून स्कॅन चालवला तर लाल अक्षरात सीव्हीई-२०२१-३३९०९ (जाहीर झालेल्या सुरक्षा-चुकीचा नंबर) आलं, खाली लिहिलंय की कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, फाइल सिस्टिम लेयरमध्ये चूक आहे आणि लोकल युजर त्यातून रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण मालक, होऊ शकतो. मग अपटाइम बघितला, चार वर्षांच्या वर! म्हणजे हे बाहेर आलं त्याच्याही आधीपासून मशीन बंदच झालेलं नाही.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले लोकल आहे ना, मग बाहेरून कोण येणार, सगळी आपलीच माणसं आहेत, आणि लोकांचे जॉब चालू असताना रीबूटचं नाव काढू नकोस. त्यांचंही अगदीच चूक आहे असं नाही, एक जॉब तर पाच आठवडे चालतोय आणि संपायला अजून दहा दिवस आहेत म्हणे.

तर लोकल म्हणजे खरंच कमी धोक्याचं असतं का? दुसरं म्हणजे आमचा सगळा डेटा एक्सएफएसवर आहे, ईएक्सटी४ वर नाही (दोन्ही डिस्कवर फाइली ठेवायच्या पद्धती), मग फाइल सिस्टिमची ही चूक आम्हाला लागू होते का नाही? रीबूट टाळून काही करता येतं का? आणि नेटवर एका ठिकाणी या बगचा एक्सप्लॉइट, म्हणजे त्याचा फायदा उठवून रूट मिळवणारा, कोड मिळालाय, तो एकदा चालवून खात्री करून घेऊ का, म्हणजे साहेबांना दाखवता येईल?

---

पहाटेचा_पेजर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, तो कोड अजिबात चालवू नका. हा बग कर्नलच्या मेमरीत भलत्याच जागी लिहितो, नेम चुकला तर मशीन तिथल्या तिथे पॅनिक होईल, म्हणजे बंद पडेल, आणि ज्या जॉबसाठी रीबूट टाळताय तो तसाही जाईल, वर अर्धवट लिहिलेल्या फाइली निस्तरत बसावं लागेल. आणि कुणी लिहिलेला कोड आहे माहीत नाही, तो तुमच्याच हाताने रूट मिळवणार, मग पुढे तो काय करेल ते तुमच्या हातात नाही.

खात्री करायची साधी रीत आहे. चालू कर्नल कोणता ते बघा, मग त्या पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये सीव्हीईचा नंबर शोधा. नुसत्या व्हर्जनवर जाऊ नका, कारण डिस्ट्रोवाले (उबुंटू, डेबियनसारखं लिनक्स बांधून देणारे) नवीन फिक्स जुन्याच व्हर्जनला जोडून देतात, त्यामुळे ५.४ दिसतंय म्हणजे होल आहेच असं नाही आणि नाहीच असंही नाही. अजून एक बघा, बूट फोल्डरमध्ये कोणकोणते कर्नल पडलेत. बऱ्याच ठिकाणी अपडेट आपोआप येत राहतात, नवीन कर्नल डिस्कवर येऊन बसतो, पण रीबूटच झालेला नसतो म्हणून मेमरीत जुनाच चालू असतो आणि सगळ्यांना वाटतं आपण अपडेटेड आहोत.

आता लोकलचं. लोकल म्हणजे "आपला माणूस" नव्हे. लोकल म्हणजे ज्याला त्या मशीनवर साध्या युजरचा का होईना, पण कोड चालवता येतो असा कोणीही. तुमच्याकडे ६० अकाउंट म्हणजे ६० लॅपटॉप, ६० एसएसएच की, ६० जणांच्या पासवर्डाच्या सवयी. त्यातल्या एकाने कुठूनतरी बिघडवलेलं पायथन पॅकेज टाकलं तरी तो कोड तुमच्या मशीनवर लोकलच झाला की. बाहेरून येणारा सहसा थेट रूट म्हणून येत नाही, आधी एखाद्या साध्या अकाउंटात शिरतो आणि मग तिथून वर चढायला त्याला हेच लागतं.

मी हे बघितलंय म्हणून इतकं कळकळीने लिहितोय. २०१६ च्या शेवटी, डर्टी काऊ (असाच साध्या युजरला रूट करणारा कर्नलचा बग) बाहेर आलं त्यानंतर महिन्याभरात. असाच शेअर्ड सर्व्हर होता, एकाचा लॅपटॉप चोरीला गेला, त्यातल्या कीला पासफ्रेज नव्हती आणि त्याने आम्हाला आठवडाभर सांगितलं नाही. आम्हाला कळलं कसं, तर बॅकअपच्या स्क्रिप्टने सकाळी एरर दिली की रूट नावाचा युजरच नाही. पासवर्ड फाइल उघडली तर पहिल्या ओळीत रूटच्या जागी दुसरंच काहीतरी नाव, पुढे हॅश, आणि युजर आयडी मात्र शून्य, म्हणजे रूटचाच. ती ओळ मला आजही डोळ्यासमोर दिसते. फिक्स येऊन पडलेला होता आणि आम्ही पण "जॉब संपू देत" म्हणूनच थांबलो होतो. मग सगळं मशीन पुसून नव्याने उभं केलं, प्रत्येकाच्या की बदलल्या, आणि जे जॉब वाचवायला थांबलो होतो ते सगळे गेलेच.

---

ओळ_न_ओळ:

एक्सएफएस का ईएक्सटी४ याने काही फरक पडत नाही, ते आधी सांगतो, कारण हा गैरसमज खूप जणांचा होतो. कर्नलच्या सोर्समध्ये एफएस नावाचा जो फोल्डर आहे त्यात डिस्कवर कसं लिहायचं एवढंच नसतं, सगळ्या फाइल सिस्टिमना मिळून जो सामाईक थर लागतो तो पण तिथेच आहे, आणि ही चूक त्या सामाईक थरात आहे. फाइलचं नाव सेक_फाइल. /प्रॉक च्या खाली ज्या फाइली दिसतात त्या डिस्कवर नसतातच, तुम्ही वाचायला गेलात की कर्नल त्या क्षणी मजकूर तयार करून देतो, तो मजकूर ज्या बफरमध्ये जमतो त्याची सगळी व्यवस्था सेक_फाइल बघतं.

ही चूक क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी शोधली, २० जुलै २०२१ ला जाहीर केली आणि नाव दिलं सिक्वोया. मी त्या वेळी दोन रात्री बसून तो कोड वाचला होता, अजून पाठ आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो, कारण एकदा कळलं की साहेबांना समजावणं सोपं जाईल.

सेक_फाइल सुरुवातीला एक पानाचा म्हणजे ४०९६ बाइटचा बफर घेतं. मजकूर मावला नाही तर तो बफर टाकून देतं, दुप्पट मोठा घेतं आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागतं. नाहीच मावला तर पुन्हा दुप्पट, याला वरची मर्यादाच नव्हती. बफरचा आकार साइझ_टी मध्ये ठेवलेला असतो, ६४ बिटच्या मशीनवर तो कितीही मोठा होऊ शकतो. ४०९६ ला १९ वेळा दुप्पट केलं की बरोबर २ जीबी होतात, आकड्यात २,१४,७४,८३,६४८. हा आकडा लक्षात ठेवा.

आता /प्रॉक/सेल्फ/माउंटइन्फो ही फाइल घ्या. यात कोणती डिरेक्टरी कुठे माउंट केली, म्हणजे जोडली, आहे त्याचा पूर्ण पाथ छापायचा असतो. समजा कोणी इतका खोल डिरेक्टरीचा डोलारा रचला की छापायचा पाथच १ जीबीच्या वर गेला, तर १ जीबीचा बफर पुरणार नाही आणि सेक_फाइल २ जीबीचा घेईल. इथपर्यंत सगळं ठीक. पण पाथ छापायचं काम ज्या फंक्शनकडे जातं, डेंट्री_पाथ, ते बफरचा आकार साध्या इंट मध्ये (३२ बिटचा, उणेही होऊ शकणारा आकडा) घेतं. इंट मध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. आपला आकडा बरोबर एकाने मोठा! त्यामुळे तो उलटून उणे २,१४,७४,८३,६४८ होतो.

हे फंक्शन पाथ मागून पुढे लिहितं, म्हणजे बफरच्या शेवटाकडे जातं आणि तिथून मागे सरकत लिहितं. शेवट काढायचा म्हणजे सुरुवात अधिक आकार, पण आकारच उणे झालाय म्हणून "शेवट" निघतो बफरच्या २ जीबी अलीकडे, जिथे दुसऱ्याच कुणाचं तरी काहीतरी आहे. आणि ती डिरेक्टरी माउंट करून नंतर डिलीट केलेली असेल तर कर्नल तिथे '//डिलीटेड' हे शब्द लिहितो, रोमन अक्षरांत मोजलं तर ९ अक्षरं आणि शेवटचा शून्य धरून १० बाइट.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते पुढच्या भागाने. लिहायच्या आधी तपासणी आहे! शिल्लक आकारातून १० वजा करायचे आणि उत्तर उणे आलं तर थांबायचं, असं स्पष्ट लिहिलंय. पण उणे २,१४,७४,८३,६४८ मधून अजून १० वजा केले की इंट पुन्हा गुंडाळला जातो आणि उत्तर येतं अधिक २,१४,७४,८३,६३८. तपासणीला वाटतं भरपूर जागा आहे, ती जाऊ देते. ज्याने ती तपासणी लिहिली त्याने निष्काळजीपणा केला नव्हता, त्याच्या काळात एवढा मोठा बफर येणं शक्यच नव्हतं.

कारण २०१४ च्या आधी सेक_फाइल केमॅलॉकने सलग मेमरी मागायचं, ती काही एमबीच्या पुढे मिळतच नाही. मोठ्या मशीनवर /प्रॉक/स्टॅट वाचताना सलग मेमरी मिळेना म्हणून व्हीमॅलॉकचा (विखुरलेली मेमरी जोडून देणारा) पर्याय जोडला, तो कर्नल ३.१६ मध्ये आला. अगदी रास्त सुधारणा होती. पण तिच्यामुळे २ जीबीचा बफर शक्य झाला आणि दुसऱ्या फाइलमधला तो इंट एका रात्रीत धोकादायक झाला. सात वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

दहा बाइट, तेही ठरलेल्या अक्षरांचे, त्याने काय होणार असं वाटेल. क्वालिसने उबुंटू २०.०४, २०.१०, २१.०४, डेबियन ११ आणि फेडोरा ३४ च्या डिफॉल्ट इन्स्टॉलवर त्यातून पूर्ण रूट मिळवून दाखवलं होतं.

---

सर्व्हर_गळ्यात_पडला:

@ओळ_न_ओळ खूप आभार, हे मी तीनदा वाचलं. एक शंका राहिली, लिनक्समध्ये पाथची मर्यादा ४०९६ आहे ना? मग १ जीबीचा पाथ होतोच कसा?

---

ओळ_न_ओळ:

चांगला प्रश्न आहे, मी पण तिथेच अडकलो होतो. ४०९६ ही मर्यादा एका सिस्टिम कॉलला तुम्ही जी स्ट्रिंग देता तिच्यावर आहे, डिरेक्टरीच्या खोलीवर नाही. डिरेक्टरी बनवायची, तिच्यात जायचं, पुन्हा बनवायची, पुन्हा आत जायचं, दर वेळी फक्त एकच नाव द्यावं लागतं आणि त्याची मर्यादा २५५ बाइट, पूर्ण पाथ कोणी मागतच नाही. घरच्या मशीनवर छोट्या लूपने करून बघा, पाथ ४०९६ च्या पुढे गेला की तो पूर्ण पाथ एका सिस्टिम कॉलला देता येत नाही, पण डिरेक्टरी मात्र असते.

---

कोटा_लावा:

मला वाटतं इथे जरा जास्तच भीती घातली जातेय. सिक्वोयासाठी अंदाजे ५ जीबी मेमरी आणि १० लाख आयनोड (दर फाइल किंवा डिरेक्टरीमागे एक लागणारी नोंद) लागतात. शेअर्ड सर्व्हर नीट चालवत असाल तर प्रत्येकाच्या होमवर आयनोडचा कोटा असायलाच हवा, दोन लाखांच्या वर कुणालाच नको. मग डोलारा रचताच येणार नाही. रीबूटसाठी पाच आठवड्यांचा जॉब मारण्यापेक्षा आज कोटा लावा, दहा दिवस काढा आणि मग निवांत रीबूट करा. लोकांच्या कामाचीही किंमत असते, ती आपण अ‍ॅडमिन लोक विसरतो.

---

टर्मिनलताई:

@कोटा_लावा दादा, शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत, पण कोट्याचा आधार इथे लंगडा आहे. कोटा तुम्ही होमवर लावाल, पण टीएमपीएफएसचं, म्हणजे डिस्कऐवजी रॅममध्ये राहणाऱ्या फाइल सिस्टिमचं, काय? /डेव्ह/एसएचएम सगळ्यांना लिहिता येतं, ते टीएमपीएफएसच असतं आणि त्यावर त्या काळातल्या कर्नलमध्ये युजर कोटाच नव्हता, तो कर्नल ६.६ पासून आला. टीएमपीएफएसला डिफॉल्ट आयनोड मिळतात ते रॅमच्या निम्म्या पानांइतके. १२८ जीबी म्हणजे जवळजवळ ३ कोटी ३५ लाख पानं, त्याचे निम्मे १ कोटी ६७ लाख आयनोड. १० लाख म्हणजे त्या मशीनला काहीच नाही, आणि ५ जीबी तर त्यांचा एखादा जॉब उभ्या उभ्या खात असेल. शिवाय जो स्वतःच्या युजर नेमस्पेसमध्ये (कर्नल देतं ती वेगळी खोली, जिच्या आत साधा युजरही रूट मानला जातो) रूट बनतो त्याला नवीन टीएमपीएफएस माउंटही करता येतं.

रीबूटपर्यंतचे दिवस काढायचेच असतील तर क्वालिसने तेव्हाच दोन गोष्टी सांगितल्या होत्या, त्या करा. एक, साध्या युजरला युजर नेमस्पेस बनवायला बंदी. डेबियन-उबुंटूवर त्यासाठी कर्नल.अनप्रिव्हिलेज्ड_यूजरएनएस_क्लोन शून्य करायचं, बाकी डिस्ट्रोवर ते सेटिंग नसतं तिथे यूजर.मॅक्स_यूजर_नेमस्पेसेस शून्य करायचं. दोन, कर्नल.अनप्रिव्हिलेज्ड_बीपीएफ_डिसेबल्ड एक करायचं, म्हणजे साध्या युजरला बीपीएफ (कर्नलच्या आत चालणारे छोटे प्रोग्रॅम) वापरता येत नाही. दोन्ही सिसकंट्रोल या कमांडने चालत्या मशीनवर होतात, रीबूट लागत नाही, चालू जॉबना धक्का लागत नाही.

पण दोन्हीच्या मर्यादा नीट समजून घ्या. नेमस्पेस यासाठी बंद करायचं की साध्या युजरला त्या खोल डिरेक्टरीचं माउंट करायला तिथूनच परवानगी मिळते. बीपीएफ यासाठी की क्वालिसच्या एक्सप्लॉइटने ते दहा बाइट तपासून झालेल्या बीपीएफ प्रोग्रॅमवर पाडले होते, तपासणी झाल्यावर आणि मशीन कोड बनायच्या आधी, म्हणजे तपासणीला काही अर्थच उरला नाही. पण त्यांनी स्वतःच लिहिलं होतं की या दोन सेटिंगनी त्यांची विशिष्ट वाट बंद होते, दुसऱ्या वाटा असू शकतात. फ्यूजमधून (साध्या प्रोग्रॅमला फाइल सिस्टिम बनवू देणारी सोय) पण साधा युजर माउंट करू शकतो. आणि तिथे अजून एक भानगड आहे, त्याच दिवशी जाहीर झालेली सीव्हीई-२०२१-३३९१०. ८ एमबीपेक्षा लांब पाथ फ्यूजने माउंट केला की सिस्टिमडी (मशीनवर सगळ्यात आधी सुरू होणारी प्रोसेस) तो पाथ स्टॅकवर कॉपी करायला जातो, स्टॅक संपतो, सिस्टिमडी मरतो, आणि पहिली प्रोसेस मेली की सगळं मशीनच पडतं. तिथे रूट मिळत नाही पण तुमचे पाच आठवडे जातात. तेव्हा सिस्टिमडीचं अपडेट पण बघा, आणि फ्यूज कोणी वापरत नसेल तर फ्यूजरमाउंटचा सेटयूआयडी बिट (साध्या युजरने चालवलं तरी रूटचे हक्क देणारी खूण) काढून टाका.

आणि नेमस्पेस बंद केलं की कोणाकोणाचं अडतं ते आधी विचारा. आमच्याकडे मी शुक्रवारी संध्याकाळी न सांगता बंद केलं होतं, ते चुकलंच माझं, शनिवारी तिघांचे रूटलेस कंटेनर (रूटशिवाय चालणारी बंदिस्त प्रोग्रॅमची पेटी) उठेनात आणि एकाची रात्र वाया गेली. आदल्या दिवशी दोन ओळींची मेल टाकली असती तर त्यांनी कामं पुढेमागे केली असती. ब्राउझरचं सँडबॉक्स पण त्यावर चालतं, सर्व्हरवर सहसा प्रश्न येत नाही, पण रिमोट डेस्कटॉप वापरणारे असतील तर येतो.

लाइव्हपॅचचं, म्हणजे रीबूट न करता चालू कर्नल दुरुस्त करायचं, कोणीतरी सुचवेलच म्हणून सांगून ठेवते, ते चांगलं आहे पण चार वर्षं जुन्या कर्नलसाठी सहसा मिळत नाही.

---

कोटा_लावा:

टीएमपीएफएसचं माझ्या डोक्यातच आलं नाही, तुमचं बरोबर आहे. माझ्याकडच्या दोन मशीनवर पण हेच आहे, आज /डेव्ह/एसएचएमला आयनोडची मर्यादा घालून रीमाउंट करतो. पण जॉबच्या माणसाशी बोला एवढं तरी माझं ऐका, बऱ्याचदा प्रोग्रॅममध्ये चेकपॉइंट (मधली स्थिती साठवून तिथून पुन्हा सुरू करायची सोय) असतो आणि त्या माणसालाच माहीत नसतं.

---

पहाटेचा_पेजर:

चेकपॉइंटचा मुद्दा लाखमोलाचा आहे.

आणि साहेबांशी बोलताना फक्त या एका सीव्हीईवर बोलू नका, नाहीतर ते म्हणतील सेटिंग केलंस ना, झालं मग. चार वर्षं रीबूट नाही म्हणजे मधल्या काळातलं सगळंच साचलंय. जानेवारी २०२२ मध्ये सीव्हीई-२०२२-०१८५ आलं, ते पण एफएस फोल्डरमधलंच, माउंटचे ऑप्शन वाचणाऱ्या कोडमध्ये. तिथे तपासणी अशी होती की पानाच्या आकारातून २ आणि आतापर्यंतची लांबी वजा करा आणि नवीन लांबी त्यापेक्षा मोठी आहे का बघा. आकडे बिनचिन्हाचे, त्यामुळे वजाबाकी शून्याच्या खाली गेली की उत्तर प्रचंड मोठं होतं आणि काहीही मावतं असं वाटायला लागतं. फिक्समध्ये वजाबाकी काढून बेरीज केली, एवढंच. ही चूक ५.१ पासून होती, म्हणजे तुमचा ५.४ असेल तर ही पण तुमच्याकडे आहे, आणि तीही युजर नेमस्पेसमधूनच चालते.

मार्च २०२२ मध्ये डर्टी पाइप ही चूक, ती ५.८ पासून आली, त्यामुळे ५.४ असेल तर तुम्हाला नाही. पण ती सापडली कशी ते सांगावंसं वाटतं, कारण आपल्यासारख्या माणसांच्या कामातूनच सापडली. मॅक्स केलरमन यांच्याकडे तक्रार आली की रोजच्या लॉगची एक जीझिप फाइल उघडत नाही, सीआरसी (फाइल बिघडली का ते सांगणारा पडताळणीचा आकडा) जुळत नाही. दुरुस्त केलं, काही महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा तेच. त्यांनी बिघडलेल्या फाइलींचे शेवटचे ८ बाइट बघितले तर सगळीकडे सारखेच, आणि ते झिप फाइलच्या हेडरची सुरुवात निघाले. वाचायची परवानगी असलेल्या फाइलच्या पेज कॅशमध्ये (रॅममधली फाइलची प्रत) दुसऱ्या प्रोसेसचं लिखाण पाइपमधून जाऊन पडत होतं, कारण पाइप बफरचा एक फ्लॅग कुणी शून्य केलाच नव्हता. एका सीआरसी एररवरून माणूस कर्नलच्या बगपर्यंत पोचला. तेव्हा तुमच्या लॉगमध्ये काही विचित्र दिसलं तर झटकून टाकू नका.

२०२३ मध्ये ओव्हरलेएफएसची (एका फाइल सिस्टिमवर दुसरी पांघरणारी सोय) पाळी आली, एक सगळ्यांसाठी, सीव्हीई-२०२३-०३८६, आणि दोन फक्त उबुंटूच्या स्वतःच्या बदलांमुळे. म्हणजे या भागात दरवर्षी काहीतरी निघतंच. म्हणून साहेबांकडून एक रीबूट मागू नका, दर महिन्याचा एक ठरलेला दिवस मागा. लोकांना आधीपासून माहीत असलं की ते जॉब तसे लावतात, कुणाची कुरकूर नसते, अचानक केलं की मात्र भांडणं होतात.

---

सर्व्हर_गळ्यात_पडला:

मंडळी, अपडेट देतोय, आठ दिवसांनी.

पहिल्याच दिवशी पेजरभाऊंनी सांगितलं तसं बूट फोल्डरमध्ये बघितलं. तिथे ११ कर्नल पडलेले! सगळ्यात नवीन अगदी अलीकडचा, आणि चालू मात्र २०२१ च्या सुरुवातीचा ५.४. म्हणजे औषध चार वर्षं कपाटात होतं आणि दिलंच नव्हतं कुणी. चालू असलेल्याच्या चेंजलॉगमध्ये ३३९०९ नव्हतं, नवीनमध्ये होतं.

ताई, दोन्ही सेटिंग आधी सगळ्यांना मेल टाकून दुसऱ्या दिवशी लावली. एकाचाच फोन आला, त्याला कंटेनर लागत होते, त्याला दुसऱ्या मशीनवर जागा दिली. फ्यूज कोणीच वापरत नव्हतं.

मग पाच आठवडेवाल्या जॉबच्या मॅडमशी जाऊन बोललो. मी घाबरत घाबरत गेलो होतो, पण त्यांना ओळ_न_ओळ यांचं ते इंट उलटण्याचं गणित कागदावर काढून दाखवलं तर त्यांनीच विचारलं की मग माझा डेटा पण कोणी बदलू शकला असता का? हो म्हणालो. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये चेकपॉइंट होता, दर १२ तासांनी लिहायचा, फक्त परत सुरू कसं करायचं ते कधी करून बघितलं नव्हतं. दोघांनी मिळून छोट्या डेटावर करून बघितलं, झालं. साहेबांकडे त्या स्वतःच आल्या माझ्याबरोबर, आणि रविवारची सकाळ मिळाली.

रीबूट काही सुखासुखी झाला नाही. मशीन वर येईना, दीड मिनिट थांबलं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसलं, हातपाय गार पडले माझे. बघतो तर एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) एका डिस्कची ओळ, ती डिस्क कधीतरी काढून टाकलेली, पण इतक्या वर्षांत मशीन बंदच न झाल्यामुळे कुणाला कळलंच नाही. ओळ काढली, पुन्हा रीबूट, वर आलं. रूटचा पासवर्ड त्या कागदावर होता म्हणून निभावलं. ज्यांची मशीनं अशीच वर्षानुवर्षं चालू आहेत त्यांनी रीबूटच्या आधी एफएसटॅबची प्रत्येक ओळ खरंच जागेवर आहे का ते बघा, आणि कन्सोलपर्यंत पोचता येतंय याची खात्री करा, एसएसएचवर विसंबून राहू नका.

आता चालू कर्नल आणि बूटमधला नवीन कर्नल एकच आहे, मॅडमचा जॉब चेकपॉइंटवरून पुढे चालू आहे. जाता जाता अकाउंटची यादी पण काढली, ६१ पैकी २३ जण इथे आता नाहीतच आणि त्यातल्या चौघांच्या की अजून चालत होत्या. त्या काल बंद केल्या.

एक विचारायचं राहिलं, युजर नेमस्पेस आता परत चालू करू का तसंच बंद ठेवू?

---

टर्मिनलताई:

वा, मनापासून आनंद झाला वाचून. मी तर बंदच ठेवते, ०१८५ सारख्या गोष्टी त्याच वाटेने येतात. ज्याला कंटेनर लागतात त्याला दुसरं मशीन दिलंच आहे, तिथे फक्त तेवढीच माणसं ठेवा. आणि सिसकंट्रोलची दोन्ही सेटिंग फाइलमध्ये लिहिली आहेत ना? नुसती कमांडने लावली असतील तर रविवारच्या रीबूटमध्ये गेली असतील, आत्ताच बघून घ्या.

---

सर्व्हर_गळ्यात_पडला:

गेली होती ताई. आत्ता फाइलमध्ये लिहिली.